चेंडू थांबतो कुठे?

१४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या एका स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर भरला आणि गिनेस बुकात एका भारतीयाचे नाव लागले. त्याआधी वीस वर्षे, फेब्रुवारी २००३ मध्ये, केपटाऊनच्या विश्वचषक सामन्यात शोएब अख्तरने निक नाइटला टाकलेला चेंडू १६१.३ वर गेला होता. विकेट पडली नाही, पण तो आकडा आजही क्रिकेटवेड्यांच्या तोंडी आहे. जॉन इस्नरची २०१६ च्या डेव्हिस कपमधली सर्व्हिस २५३. गोल्फच्या व्यावसायिक खेळाडूंचा ड्राइव्ह सरासरी २७५च्या आसपास. या यादीत बिलियर्ड्सचा चेंडू शोधायचा तर थेट तळाला जावे लागते. पूलमध्ये डाव सुरू करताना मारतात तो ब्रेक हा बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या साऱ्या कुटुंबातला सर्वांत जोरकस फटका. पट्टीचा खेळाडूही तो ताशी ४० ते ४८ किलोमीटरच्या पलीकडे सहसा नेत नाही. बाकीचे फटके त्याहून पुष्कळ खाली, बरेचसे तर माणसाच्या चालण्याच्या वेगात.

म्हणजे हा संथ खेळ. म्हाताऱ्यांचा, क्लबवाल्यांचा, एसीत बसून खेळायचा. असा शेरा मारून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या तक्त्यात एकही आकडा चुकीचा नाही. चुकीची आहे ती मोजण्याची जागा.

वेगाचे विक्रम चेंडू सुटतो तिथे मोजतात. स्पीडगनवरचा आकडा गोलंदाजाच्या हातातून सुटलेल्या चेंडूचा असतो. फलंदाजापर्यंत तो पोहोचतो तेव्हा हवेने आणि टप्प्याने त्यातला बराच वाटा खाल्लेला असतो. बॅडमिंटनचे फूल तर याबाबतीत फारच उधळ्या स्वभावाचे. वजन जेमतेम पाच ग्रॅम आणि पिसांचा घेर मोठा, त्यामुळे कोर्टाच्या पलीकडे पोहोचेतो निम्म्याहून अधिक वेग गळून जातो. उंचावरून नुसते सोडले तर हे फूल ताशी २४-२५ किलोमीटरपेक्षा वेगाने खाली येऊच शकत नाही. तरीही सुटतानाचा आकडाच मोजतात आणि ते बरोबरच आहे, कारण समोर कुणीतरी उभा आहे आणि त्याला चकवायचे आहे. बिलियर्ड्समध्ये समोरचा खेळाडू खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या प्रतिक्षिप्त क्रियांशी चेंडूला काही देणेघेणे नाही. इथे वेग वापरायचा तो एकाच कामासाठी: चेंडू हव्या त्या जागी जाऊन थांबावा. सुरुवातीच्या वेगाची परीक्षा तो शून्य होतो त्या जागेवर होते. पुढच्या प्रकरणांचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

आधी वजन पाहू. क्रिकेटच्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असावे लागते आणि पूलच्या चेंडूचे १५६ ते १७०. दोन्ही हातात घेतले तर वजनात फरक सांगता येणार नाही, आकारात येईल. म्हणजे अख्तरचा चेंडू आणि पूलचा ब्रेक यांची तुलना अगदी समान तराजूवर करता येते. वेग चारास एक, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती सोळास एक. अख्तरच्या चेंडूत सुमारे १६० ज्यूल, ब्रेकच्या चेंडूत सुमारे १०.

याच हिशेबाने बाकीचे खेळ तपासले की एक मजेदार गोष्ट हाती लागते. गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमचा, टेनिसचा ५८, क्रिकेटचा १६०. वेग तिघांचे तीन तऱ्हांचे. ऊर्जा मात्र गोल्फमध्ये १३०च्या पुढे, टेनिसमध्ये १४०च्या घरात, क्रिकेटमध्ये १६०. तिन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ, कारण तिन्हीकडे ऊर्जा पुरवणारे यंत्र एकच आहे: पायापासून सुरू होऊन कंबर, खांदा, कोपर आणि मनगटापर्यंत चढत जाणारे माणसाचे अख्खे शरीर. चेंडू हलका असेल तर तीच ऊर्जा जास्त वेग होऊन बाहेर पडते, जड असेल तर कमी. बिलियर्ड्सचा खेळाडू हे यंत्र जाणूनबुजून बंद ठेवतो. पाय रोवलेले, कंबर स्थिर, हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टेकलेली, डावा हात टेबलावर पूल करून बसलेला. हलतो तो कोपरापासून खालचा हात, घड्याळाच्या लंबकासारखा. ब्रेकपुरते शरीर थोडे सुटते, एवढेच.

काठीकडून चेंडूला वेग मिळतो कसा, हेही तपासून पाहण्याजोगे आहे. जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळली की हलकी वस्तू जड वस्तूपेक्षा जास्त वेगाने सुटते. काठी कितीही जड केली तरी ही पट दोनच्या पुढे जात नाही. गोल्फच्या ड्रायव्हरचे डोके साधारण २०० ग्रॅमचे, चेंडू ४६ ग्रॅमचा, आणि प्रत्यक्षात चेंडूचा वेग डोक्याच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट भरतो. क्यू सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅमचा, चेंडू १७० ग्रॅमचा. चामड्याच्या टिपमध्ये थोडी ऊर्जा जिरते ती वजा केली तर पट येते १.३च्या आसपास. फार फरक नाही! फरक आहे तो काठीच्या वेगात. गोल्फचे डोके ताशी १८० किलोमीटरने येते, तर क्यू ब्रेकलाही ताशी तीसेकने. क्यू बनवणाऱ्याने काही कसूर ठेवलेली नाही. खेळणाऱ्याने वेग मागितलेलाच नाही.

आणि तरीही या खेळातली टक्कर कोमल असते असे कुणी समजू नये. टिप आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले राहतात ते एक मिलिसेकंद, फार तर दोन. चेंडूवर चेंडू आदळतो तेव्हा तर सेकंदाचा चार हजारावा भाग पुरतो. ताशी ४० किलोमीटरने निघालेल्या चेंडूने आपला सगळा संवेग एवढ्या वेळात समोरच्याला द्यायचा म्हणजे सरासरी बल साडेसात हजार न्यूटनच्या घरात जाते, पाऊण टन वजनाइतके. संथ म्हणून हिणवलेल्या खेळातला हा आकडा गोल्फच्या फटक्याच्या पंक्तीला बसतो. कारण उघड आहे. टेनिसचा चेंडू रॅकेटवर दबतो, पसरतो, चार-पाच मिलिसेकंद तिथे रेंगाळतो. बिलियर्ड्सचा फिनॉलिक रेझिनचा टणक गोळा दबतोच मुळी केसाएवढा.

हाइनरिश हर्ट्झने १८८१च्या सुमारास दोन गोल पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता काय होते याचे गणित मांडले. रेडिओलहरींचा शोध त्यानंतरचा. त्या गणितातून निघते की टक्कर जितकी जोरात, तितका स्पर्शाचा काळ कमी. पण फारच हळूहळू कमी. वेग दसपट केला तरी स्पर्शाचा काळ निम्म्यावरही येत नाही, साधारण पाच-अष्टमांशावर येतो. म्हणून हळुवार टिचकी आणि धडाकेबाज ब्रेक यांच्या आवाजात बळाचा फरक पुष्कळ, पण दोन्ही खणखणीतच.

टकरीचे नियम त्याहून जुने. समान वजनाचे दोन लवचीक गोळे समोरासमोर आदळले की आपापले वेग अदलाबदल करतात, हे ख्रिस्तिआन हायगेन्सने सतराव्या शतकात सिद्ध केले. त्याचा प्रबंध मात्र त्याच्या मृत्यूनंतर १७०३ मध्ये छापला गेला. स्नूकर पाहणाऱ्याने हे सूत्र हजारदा डोळ्यांनी पाहिलेले असते: पांढरा चेंडू लालवर सरळ आदळतो, जागच्या जागी थबकतो आणि लाल त्याचा वेग घेऊन निघून जातो. आदळणे सरळ नसून कडेला असेल तर दोन्ही चेंडू एकमेकांशी काटकोन करून फुटतात. ‘स्टन’ म्हणतात तो हाच फटका.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याची उलट बाजू ठाऊक असते, कारण तो कॅरमवर वाढलेला असतो. कॅरमचा स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी पाचेक ग्रॅमची. तीनास एक. अशा टकरीत स्ट्रायकर थांबत नाही. निम्मा वेग स्वतःकडे ठेवून पुढे सरकतो आणि सोंगटी दीडपट वेगाने सुटते. कॅरममध्ये सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही भोकात जाण्याची जी कायमची धास्ती असते, तिचे मूळ या वजनाच्या गुणोत्तरात आहे. नाणे टाकून खेळायच्या जुन्या पूल टेबलांवर पांढरा चेंडू वेगळा ओळखून परत यावा म्हणून तो मुद्दाम जड किंवा मोठा ठेवत. त्या टेबलावर शिकलेल्या माणसाचा स्टन चांगल्या टेबलावर बिघडतो तोही याच कारणाने.

पण कॅरममध्ये चेंडू नाही, घरंगळणे नाही. बिलियर्ड्सची खरी गंमत सुरू होते ती टकरीनंतर नव्हे, टकरीआधी, हिरव्या बनातीवर.

चेंडूच्या बरोबर मध्यावर क्यू मारला की चेंडू लगेच घरंगळत नाही. आधी घसरतो, न फिरता, कॅरमच्या सोंगटीसारखाच. बनात त्याला खालून मागे खेचते, त्यामुळे त्याचा वेग कमी होतो आणि त्याच खेचण्याने तो फिरू लागतो. वेग उतरतो आहे आणि फिरकी चढते आहे, दोन्ही जिथे जुळतात तिथून चेंडू निखळ घरंगळायला लागतो. त्या क्षणी त्याचा वेग सुरुवातीच्या पाच-सप्तमांश असतो. बनात नवी असो की जुनी, खरखरीत असो की घासून गुळगुळीत झालेली, हा अपूर्णांक बदलत नाही. बदलते ते फक्त अंतर. ऊर्जाही पाच-सप्तमांशच उरते, म्हणजे जवळजवळ तीस टक्के ऊर्जा बनातीला ऊब देण्यात गेली. सेकंदाला दोन मीटर वेगाने, म्हणजे ताशी सात किलोमीटरने निघालेला चेंडू साधारण अर्धा मीटर असा घसरतो. यात सेकंदाचा तिसरा हिस्साही जात नाही. पूलच्या टेबलावर ब्रेकच्या रेषेत बनातीवर पांढुरके ठिपके पडलेले दिसतात ते घसरणाऱ्या चेंडूने भाजल्याचे डाग.

गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिसने १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. फिरत्या पृथ्वीवर वाऱ्यांना वळवणाऱ्या परिणामाला ज्याचे नाव आहे तो हाच कोरिओलिस. त्याच्या गणिताने हेही सांगितले की चेंडूच्या उंचीच्या सात-दशांशावर, म्हणजे पूलच्या ५७ मिलिमीटरच्या चेंडूला टेबलापासून ४० मिलिमीटरवर, क्यू लागला तर घसरण्याचा टप्पा येतच नाही. चेंडू पहिल्या क्षणापासून घरंगळतो.

आता एक फटका जवळून पाहू. पांढरा आणि लाल यांच्यात दीड मीटर अंतर, लाल पॉकेटच्या तोंडाशी, आणि खेळाडूला पांढरा तिथेच थांबवायचा आहे. मध्यावर मारून चालणार नाही, कारण वाटेत चेंडू घरंगळायला लागेल आणि टकरीनंतर उरलेल्या फिरकीने लालच्या मागोमाग पॉकेटात जाईल. म्हणून तो मध्याच्या खाली मारतो. चेंडू पुढे सरकत असताना उलटा फिरत असतो. बनात ती उलटी फिरकी इंचाइंचाने खरवडून काढते. फिरकी नेमकी शून्यावर यावी आणि त्याच क्षणी लाल भेटावा. जोर थोडा कमी पडला तर फिरकी आधीच संपून चेंडू घरंगळतो. जोर जास्त झाला तर फिरकी शिल्लक राहते आणि पांढरा मागे येतो, म्हणजे स्क्रू होतो. दीड मीटरच्या त्या प्रवासात हवेने काही फरक पडत नाही, समोरचा काही करू शकत नाही, पण चार सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे झाले तरी पुढचा फटका हातचा जातो. जागतिक दर्जाचा खेळाडू असे फटके दिवसभर मारतो आणि त्याला यातले एकही समीकरण ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

घरंगळण्याचा टप्पा मात्र फार कंजूष आहे. घसरणाऱ्या चेंडूला बनात जितकी अडवते त्याच्या विसाव्या हिश्शानेच ती घरंगळणाऱ्याला अडवते. घर्षणांक ०.०१ धरला तर सेकंदाला एक मीटरने, म्हणजे संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या चालीने, सोडलेला चेंडू पाच मीटर जातो. स्नूकरचे टेबल साडेतीन मीटर लांब. आणि थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गात वाढते: वेग दुप्पट तर अंतर चौपट. हातून दहा टक्के जास्त जोर लागला की अंतर एकवीस टक्क्यांनी वाढते. तीन मीटरवर थांबवायचा चेंडू साडेतीनच्याही पुढे, ३.६३ मीटरवर जाऊन बसतो. गोलंदाजाचा चेंडू दहा टक्क्यांनी हळू पडला तर समालोचक त्याला स्लोअर वन म्हणून दाद देतात. इथे त्याच चुकीला पोझिशन गेली म्हणतात आणि खेळाडू खुर्चीत जाऊन बसतो.

मंद वेगाचे टोक गाठले ते ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने. जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये जो डेव्हिसविरुद्ध त्याने एकाच ब्रेकमध्ये, म्हणजे इथे एकाच सलग खेपेत, ४,१३७ गुण काढले. अशा ब्रेकचा आधार म्हणजे नर्सरी कॅनन: बिलियर्ड्सचे तिन्ही चेंडू टेबलाच्या कडेच्या कुशनलगत एकमेकांना खेटून ठेवायचे आणि बोटभरही न हलवता स्पर्शामागून स्पर्श करत त्यांना कुशनच्या कडेने पुढे नेत राहायचे. यात पूलच्या ब्रेकच्या जोराचा मागमूस नव्हता. हा प्रकार प्रेक्षकांना इतका जाचला की चेंडूने ठरावीक गुणांनंतर टेबलावर आडवी आखलेली बॉकची रेघ ओलांडलीच पाहिजे असा नियम करावा लागला. बहुतेक खेळांत चेंडू फार वेगाने जातो म्हणून नियम बदलतात. तो फार हळू जातो म्हणून नियम बदलावा लागल्याची उदाहरणे विरळाच.

या खेळाशी आपले नातेही लांबचे नाही. स्नूकर जन्मले १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने पावसाळ्याच्या कंटाळ्यात ब्लॅक पूल या खेळात रंगीत चेंडू वाढवले अशी मान्य कथा आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला तो पहिला जगज्जेता. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीनदा तीच कामगिरी केली. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा, जडणघडण बेंगळुरूची. त्याने २००३ मध्ये स्नूकरचे आणि २००५ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. टेबल तेच, चेंडू त्याच ५२.५ मिलिमीटरचे. एकीकडे तीन चेंडूंची कुजबुज, दुसरीकडे बावीस चेंडूंची गर्दी. हाताचा जोर दोन्हींसाठी वेगळा लावून घ्यावा लागतो. वेगावरच्या हुकमतीचा याहून सज्जड पुरावा या खेळात क्वचितच सापडेल.

साहित्याची कहाणी थोडक्यात आटोपता येईल. चेंडू पूर्वी हस्तिदंताचे असत. ते हवेतल्या दमटपणाने फुगत, आणि दाताची घनता सगळीकडे सारखी नसल्याने सरळ जातीलच याची खात्री नसे. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या फेलन आणि कॉलेंडर यांनी पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले, त्यातून जॉन वेस्ली हायटचे सेल्युलॉइड पुढे आले आणि प्लास्टिकच्या युगाची एक वाट उघडली. बनात मात्र अजून लोकरीची आहे आणि ओलावा आजही तिचा शत्रू. म्हणून मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या पाटीखाली उष्णता देणारी यंत्रणा बसवतात. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ज्याने बिनगरम टेबलावर जून आणि जानेवारी दोन्ही महिने खेळून पाहिले आहे त्याला घर्षणांक म्हणजे काय हे वेगळे शिकवायला नको.

पुढच्या प्रकरणांत समीकरणे येतील. दहावीचे बीजगणित आणि ‘वेग दुप्पट तर अंतर चौपट’ एवढी शिदोरी त्यांना पुरेल. फिरकी आणि कुशनवरून परतणारा चेंडू यांची प्रकरणे मात्र सावकाश वाचावीत, ती खरोखरच अवघड आहेत. त्याआधी एक प्रयोग करावा. जवळच्या पार्लरमध्ये जाऊन मोबाइलच्या, सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या स्लो मोशनवर एक साधा सरळ फटका टिपावा. सेकंदाला एक मीटरने जाणारा चेंडू दर चित्रात चार मिलिमीटर सरकलेला दिसेल, ब्रेकचा चेंडू जवळपास स्वतःच्या व्यासाइतका. घसरणे कुठे संपले आणि घरंगळणे कुठे सुरू झाले हे पट्ट्यांच्या चेंडूवर डोळ्यांनी पाहता येते. टकरीचा क्षण तेवढा हाती लागणार नाही. दोन चित्रांच्या मधल्या वेळात तशा सोळा टकरी उरकतात.